कोळी तिच्या वाट्याला, झुरळं माझ्या: सासूबाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय आई,

हे आभार फोनवरही मानता आले असते. पण आमच्या घरात तुम्ही जे करून दिलंत ते इतर घरांनाही उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे, म्हणून चारचौघांसमोर लिहितो आहे.

भिंतीवर कोळी दिसला, रात्री ओट्यावर झुरळ दिसलं, तर उठायचं कोणी? हा प्रश्न घरोघरी असतो आणि तो बसून कुणी सोडवत नाही. उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं. नवरा आहे ना, तो बघेल. दोघी बहिणी राहत असतील तर थोरली बघेल. मुलांना एकटी वाढवणारी आई असेल तर तिला भीती वाटायची सोयच नाही. ज्याच्या गळ्यात हे काम पडतं त्याला कुणी विचारत नाही, आणि ज्याला यातून वगळतात त्यालाही विचारत नाहीत.

मला कोळ्याची भीती वाटते. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. कोळी दिसला की माझे तळहात गार पडतात, श्वास वरच्या वर राहतो आणि त्या खोलीत पुन्हा डोळा लागत नाही. तरी उठायचो मीच. लांब दांड्याचा झाडू घ्यायचा आणि तोंड अर्धं फिरवून मारायचं. तुमच्या लेकीला झुरळं बघवत नाहीत, त्यातून उडणारी तर अजिबातच नाहीत. तेव्हाही हाक मलाच. तिला कोळ्याचं काहीच वाटत नाही हे मला माहीत नव्हतं. हाक कुणी मारायची आणि उठायचं कुणी, हे ठरून गेलेलं होतं, त्यामुळे तो विषय कधी निघालाच नाही.

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात आणि बाथरूममध्ये कोळी निघाला. तुम्ही माझ्या हातातला झाडू पाहिलात आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत. तो कोळी उचलून बाहेर टाकणं तुम्हाला सहज जमलं असतं. तसं केलं असतंत तर ती रात्र निभावली असती आणि तुम्ही परत गेल्यावर आम्ही होतो तिथेच राहिलो असतो. तुम्ही हात लावला नाहीत. रात्री सगळे बसलेलो असताना तुम्ही मला एवढंच विचारलंत, "तुम्हाला भीती वाटते की किळस येते?"

आई, या प्रश्नाबद्दल मी तुमचा सर्वांत जास्त ऋणी आहे. "एवढ्याशा जिवाला काय घाबरायचं" असं तुम्ही म्हणाला नाहीत. डोकं दुखतंय म्हटल्यावर कपाळ दुखतंय की मागची बाजू, असं विचारावं तसं विचारलंत. मी म्हटलं, भीती. मग तुम्ही लेकीकडे वळलात. तिनं सांगितलं की झुरळाची तिला किळस येते; ते कुठून कुठून फिरून आलेलं असतं आणि अंगावर चढेल ही कल्पनाच सहन होत नाही. आणि कोळी? "कोळ्याचं काय एवढं?" असं ती म्हणाली आणि मी बघतच राहिलो.

पुढे मी यावर थोडं वाचलं. एखाद्या प्राण्याची अशी तीव्र भीती मानसोपचारतज्ज्ञ 'विशिष्ट भयगंड' या प्रकारात धरतात. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली तर तिचं निदान होतं. कोळ्याच्या बाबतीत भीती आणि किळस बहुधा एकमेकींत मिसळलेल्या असतात. असे भयगंड पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारण दुप्पट आढळतात. या आकड्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते: पुरुषांमध्येही ते भरपूर आहेत, आणि त्यांतले बरेचजण आज रात्री झाडू घेऊन उठणार आहेत. त्यांच्या घरी तुमच्यासारखं विचारणारं कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या रात्री तुम्ही वाटणी करून दिलीत. कोळी, घरात शिरलेले पतंग, नाकतोडे आणि रातकिडे तुमच्या लेकीकडे. झुरळं, मुंग्या, गोम आणि पाल माझ्याकडे. पाल काही किडा नव्हे, पण ओरडण्याच्या यादीत तीही होती, म्हणून तिचंही तुम्ही तिथेच मिटवलंत. गांधीलमाश्यांचं पोळं किंवा विंचू निघाला तर ते आम्हा दोघांपैकी कुणाचंच काम नाही, माहीतगार माणूस बोलवायचा. डंखाची ॲलर्जी असलेल्यानं तर धीट असला तरी अशा ठिकाणी पाऊल टाकायचं नाही, कारण एखाद्याच्या जिवावर बेतायला एकच डंख पुरतो. भीती कितीही मोठी असली तरी ती कोळ्यात विष भरत नाही आणि धिटाई कितीही असली तरी ती डंख बोथट करत नाही, हे तुम्ही ज्या सहजतेनं सांगितलंत ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

वाटणी करणं इतरांनाही सुचेल. त्यापुढे तुम्ही जे सांगितलंत ते मात्र मी कुठेच ऐकलं नव्हतं. किडा धरणं हे या कामातलं सर्वांत छोटं काम आहे, असं तुम्ही म्हणालात. तो दिसल्यावर नजर न हलवता उभं राहणं हे काम आहे. नंतर ती जागा पुसणं, तो आत कुठून आला ते शोधणं, फट बुजवणं, जाळ्या बघणं, रात्री सिंक कोरडं करणं, कचरा बाहेर ठेवणं, ही सगळी कामंच. म्हणून ज्याची धरण्यातून सुटका झाली त्यानं त्या जिवाची मागची कामं करायची. कोळी लेक धरेल, पण खिडक्यांच्या फटी आणि छताची जळमटं माझ्याकडे. झुरळं मी बघेन, पण ओटा कोरडा ठेवणं आणि डबे बंद आहेत ना ते पाहणं तिच्याकडे. यामुळे कुणी कुणावर उपकार केल्यासारखं राहिलं नाही. रात्री दोनला उठवताना जो संकोच वाटायचा तोही गेला, कारण उठवणाऱ्यानं दिवसा आपला वाटा उचललेला असतो.

डासांबद्दल तुम्ही एका वाक्यात सांगितलंत, तेवढं पुरलं. ते मारण्याचं काम नाही, पाणी ओतण्याचं आहे. डेंगी पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतायच्या नाहीत, घासायच्या. ते आम्ही दोघं मिळून करतो.

झुरळं माझ्याकडे आल्यापासून मी ती नीट समजून घेतली. भीती नसली की माणूस शिकू शकतो, हे मला तेव्हा कळलं. लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेलं जर्मन झुरळ असेल तर त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगाला धरून हिंडते. एक दिसलं आणि मारलं, एवढ्यानं भागत नाही. आमच्याकडे फवाऱ्यापेक्षा जेलचा उपयोग जास्त झाला. झुरळं ते खाऊन बिळात जातात, आणि त्यांची विष्ठा नि मेलेली झुरळं खाऊन बाकीचीही मरतात. त्या जेलवर किंवा जवळपास फवारा मारला तर झुरळं तिकडे फिरकत नाहीत आणि सगळं वाया जातं. झुरळांच्या विष्ठेनं आणि अंगाच्या कणांनी दमा बळावतो, हे कळल्यावर तर तुमच्या लेकीची किळस मला अगदी रास्त वाटू लागली.

आणि ती कोळी कसा धरते ते तुम्ही पाहायला हवं. रुंद तोंडाचा पारदर्शक डबा अलगद वरून ठेवते आणि जाड पुठ्ठा खालून सरकवते. डबा हळू न्यायचा असतो, कारण कोळ्याच्या पायांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात आणि झपकन हात नेला की तो आधीच निसटतो. पाय डब्याच्या कडेखाली सापडणार नाहीत हेही बघते. हे सगळं तिनं मला सांगितलं ते मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. आता तेवढं जमतं.

मारायचं की सोडायचं यावर आमचं अडलं असतं, हे तुम्ही आधीच ओळखलंत. जो धरेल तोच ठरवेल, असा तुमचा निर्णय होता. डंख किंवा रोगाचा प्रश्न असेल तर तेवढाच अपवाद. सुरुवातीला मला हा नियम जड गेला, कारण कोळी मेल्याचं स्वतः पाहिलं की मगच मला शांत वाटायचं. पण ज्यानं हात पुढे केला त्याच्या हातून काय घडावं हे दुसऱ्यानं दाराआडून सांगणं बरोबर नाही, हे मला पटलं. तुमची लेक ते सोडून देते. भिंतीवर तळहाताएवढा पसरणारा, चपट्या अंगाचा शिकारी कोळी तर जाळंही विणत नाही. तो रात्री हिंडून झुरळं पकडतो. माझ्या वाट्याचं काम तोही करतो आहे, हे तिनं मला दाखवून दिलं. जगभरचे कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात असा अंदाज २०१७ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी मांडला होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा किड्यांचाच आहे. हे वाचून माझी भीती तसूभरही कमी झाली नाही. भीती माहितीनं जात नाही. पण ती तशीच असतानाही त्या जिवाबद्दल आदर वाटू शकतो.

तुमचा शेवटचा नियम सर्वांत कडक होता: भीतीची चेष्टा नाही. डब्यातला कोळी दुसऱ्याच्या तोंडापुढे नाचवायचा नाही, पाहुण्यांपुढे किस्सा करून सांगायचा नाही, फसवून अंगावर काही टाकायचं नाही. ज्यांना हा खेळ वाटतो त्यांना सांगावंसं वाटतं की अशा एका चेष्टेनंतर घाबरणारा माणूस आपली भीती पुन्हा लपवू लागतो आणि मग मदतही मागत नाही.

हा नियम तुम्ही नातीसाठी केला होता, हे मला उशिरा उमगलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ ते २० महिन्यांच्या मुलांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवले होते. आईनं ज्या खेळण्याकडे पाहून घाबरलेला किंवा किळसलेला चेहरा केला, ते खेळणं मुलांनी नंतरही टाळलं. आमची लेक आता हे पाहते की बाबा कोळ्याला घाबरतो, तसं शांतपणे सांगतो, आणि आई येऊन कोळी बाहेर सोडते. झुरळ निघालं की आई सांगते आणि बाबा उठतो. कुणी ओरडत नाही, कुणी लाजत नाही. बाई कोण आणि पुरुष कोण यावरून काम ठरतं, हे तिनं निदान या घरात पाहिलेलं नाही. यासाठी तुमचे किती आभार मानू?

तुम्ही जाताना मला बाजूला घेऊन म्हणालात, "वाटणी झाली म्हणजे भीती सांभाळून ठेवायचीच असं नाही. पण घाईही नाही." स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ मध्ये अशा भयगंडांसाठी एकाच बैठकीचा उपचार मांडला. जास्तीत जास्त तीन तासांची ती बैठक असते; माणसाच्या संमतीनं, पायरीपायरीनं, खऱ्या कोळ्याच्या जवळ जायचं. अशी पद्धत वापरणाऱ्या एका तज्ज्ञांची वेळ मी घेतली आहे. मला ढकलून कुणी पाठवलेलं नाही, म्हणूनच जावंसं वाटलं.

तोवर घरात एक नवी मागणी आली आहे. नातीला तिचा वाटा हवा आहे. तिनं मुंग्या मागितल्या आहेत, आणि त्या मारायच्या नाहीत, वाट शोधून काढून फक्त सांडलेलं पुसून घ्यायचं, असं तिनं ठरवलंय. मुंग्या एकमेकींसाठी वासाची वाट सोडतात हे तिला आईनं सांगितलं आहे. जो धरेल तो ठरवेल, हा तुमचाच नियम, त्यामुळे मी माझ्या यादीतून मुंग्या कमी केल्या आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा ती तुम्हाला सगळं नीट समजावून सांगणार आहे. तिला पूर्ण बोलू द्या.

तुमचा,
जावई