जॅकपॉटच्या आकड्याशेजारी शक्यतेचाही आकडा छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि खुशाली विचारण्याच्या आतच तो म्हणाला, ‘‘सर, जॅकपॉट दोन लाख डॉलरच्या वर गेलाय. गणिताने आता तो लावणं फायद्याचं ठरतं ना?’’ परदेशातून चालणाऱ्या एका संकेतस्थळावर तो तीन महिने पत्ते खेळत होता आणि बहिणीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशांतले बरेचसे त्यात गेले होते. त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, म्हणूनच फोनवर त्याला नीट उत्तर देणे मला जमले नाही. ते उत्तर आपल्या दैनिकातून द्यावे, कारण हाच प्रश्न मनात असलेले पण कोणाला विचारण्याची सोय नसलेले वाचक पुष्कळ असतील, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

तो खेळत होता त्या खेळाचे नाव कॅरिबियन स्टड पोकर. गणपतीच्या जागरणात पत्ते कुटणाऱ्या कोणालाही त्याचे नियम दहा मिनिटांत समजतात. खेळणारा आधी एक ठरावीक रक्कम लावतो, तिला ‘अँटी’ म्हणतात. मग त्याला पाच आणि कॅसिनोच्या वतीने पाने वाटणाऱ्याला पाच पाने मिळतात व वाटणाऱ्याचे एकच पान उघडे असते. आपली पाने पाहून खेळणाऱ्याने एक तर डाव सोडून अँटी गमवायची, नाही तर अँटीच्या बरोबर दुप्पट रक्कम आणखी लावायची. वाटणाऱ्याकडे किमान एक्का आणि राजा, किंवा त्याहून वरचा हात नसेल तर तो डावात धरलाच जात नाही. अशा वेळी अँटीवर तेवढीच रक्कम मिळते आणि दुप्पट लावलेली रक्कम जशीच्या तशी परत येते, मग आपल्या हातात कितीही चांगली पाने का असेनात. वाटणारा डावात येतो तो शंभरात साधारण ५६ वेळा. जोडी किंवा त्याहून चांगले काही असेल तर खेळावे, एक्का-राजाही नसतील तर सोडावे, हा नियम जवळजवळ निर्दोष आहे, आणि तो काटेकोर पाळणारा माणूसही दीर्घकाळात अँटीच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सव्वापाच रुपये गमावतो. कॅसिनोची ही कमाई नियमांतच बसवलेली आहे; त्यासाठी कोणी लबाडी करण्याची गरज नसते.

जॅकपॉट ही याच टेबलावर, याच पानांवर लावलेली एक वेगळी पैज आहे. प्रत्येक डावाला एक डॉलर जास्तीचा टाकायचा. त्यातला काही भाग पडद्यावर सतत वाढत दिसणाऱ्या रकमेत जातो आणि उरलेला कॅसिनोकडे राहतो. म्हणजे तो झगमगता आकडा कोणाच्या औदार्याने वाढत नाही, तो आधी हरलेल्यांच्याच पैशांतून वाढतो. बराच काळ प्रचलित असलेल्या एका तक्त्यानुसार फ्लशला म्हणजे एकाच रंगाच्या (सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम अशा) पाच पानांना ५० डॉलर, फुल हाउसला म्हणजे एका किमतीची तीन आणि दुसऱ्या किमतीची दोन पाने आली तर १००, एकाच किमतीच्या चार पानांना ५००, स्ट्रेट फ्लशला म्हणजे एकाच रंगाच्या ओळीने येणाऱ्या पाच पानांना जमलेल्या रकमेचा दहावा हिस्सा, आणि रॉयल फ्लशला, म्हणजे एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी आले तर, सगळी रक्कम मिळते. निरनिराळ्या ठिकाणी हा तक्ता बदलतो, पण हिशेबाची रीत तीच राहते.

आता हिशेब. बावन्न पानांच्या कॅटमधून पाच पाने २५,९८,९६० प्रकारे निघू शकतात. त्यांत रॉयल फ्लश फक्त ४ आहेत, म्हणजे ६,४९,७४० डावांत सरासरी एक. उरलेले स्ट्रेट फ्लश ३६, म्हणजे सुमारे ७२,००० डावांत एक. चार सारखी पाने ६२४ प्रकारे येतात, फुल हाउस ३,७४४ प्रकारे आणि फ्लश ५,१०८ प्रकारे. शेवटच्या तिन्हींची ठरलेली बक्षिसे धरली तर एका डॉलरमागे सरासरी ३६ सेंट परत येतात. बाकीचे सगळे त्या वाढत्या आकड्यावर अवलंबून. तो एक लाख असताना डॉलरमागे एकूण सुमारे ६५ सेंट परत येतात, म्हणजे तोटा शेकडा ३५ च्या आसपास, मुख्य खेळातल्या तोट्याच्या सहा पटींहून अधिक. आकडा २ लाख १८ हजारांच्या जवळ पोचला की ही पैज बरोबरीत येते. माझ्या विद्यार्थ्याने कुठेतरी हेच वाचले होते, आणि ते खरे आहे.

पण त्या बरोबरीच्या पोटात काय दडले आहे ते त्याला कोणी सांगितले नव्हते. जॅकपॉट लावायचा तर अँटी लावावीच लागते. ती पाच डॉलरची असेल तर दर डावाला सरासरी २६ सेंट तिकडे जातात आणि ते भरून निघायला आकडा ३ लाख ७ हजारांच्या घरात जावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की २ लाख १८ हजारांवर परत येणाऱ्या शंभर सेंटांपैकी ६४ सेंट स्ट्रेट फ्लश आणि रॉयल फ्लश या दोन दुर्मीळ हातांतूनच येतात. ते हात आले नाहीत तोवर खेळणाऱ्याला डॉलरमागे ३६ सेंटच दिसत राहतात. तासाला साठ डाव आणि रोज चार तास असे खेळले, तरी पहिला स्ट्रेट फ्लश येण्यास सरासरी दहा महिने लागतील. तेवढ्या काळात नुसत्या जॅकपॉटवर ७२ हजार डॉलर लावून झालेले असतील, ठरलेल्या बक्षिसांतून २६ हजार परत आलेले असतील, आणि मग हाती पडणारा दहावा हिस्सा असेल २२ हजारांहूनही थोडा कमी. रॉयल फ्लशसाठी याच वेगाने सात वर्षे आणि पाच महिने लागतात. आणि हीसुद्धा सरासरी असल्याने एवढा काळ खेळलेल्या शंभर माणसांपैकी ३७ जणांना तो एकदाही आलेला नसेल. वर्गात शिकवताना अपेक्षित मूल्याचे, म्हणजे दीर्घकाळात सरासरी किती परत येते त्याचे, सूत्र मी फळ्यावर लिहीत असे, पण ते मूल्य प्रत्यक्ष पदरात पडायला किती डाव आणि किती पैसा लागतो यावर पुरेसा वेळ देत नसे, याचे मला आज वाईट वाटते.

‘इतके दिवस लागला नाही, म्हणजे आता लागणारच’ असेही तो म्हणाला. मटक्याच्या काळापासून आपल्याकडे हा समज आहे. अशा खेळात प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसला जातो. आधीच्या लाखभर डावांत काय झाले हे पानांना ठाऊक नसते. आकडा वाढला की बक्षीस वाढते, शक्यता तसूभरही वाढत नाही.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, देशात चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला योग्य वाटते, कारण तो लपूनछपून राहिला तर त्याच्यापर्यंत मदतही पोचणार नाही. तरीही परदेशातून चालणारी संकेतस्थळे नावे बदलून पुन्हा उघडतात, आणि ‘कसे खेळावे, कसे जिंकावे’ असे सांगणारा मजकूर आता चांगल्या मराठीतही फिरतो आहे. त्यात पानांचा क्रम असतो, बक्षिसांचा तक्ता असतो, पण ६,४९,७४० हा आकडा नसतो.

म्हणून माझी आपणास विनंती आहे. जॅकपॉट लागल्याची बातमी, ती परदेशातील कॅसिनोची असो की गोव्यात मांडवीवरील जहाजांतली, छापताना जिंकलेल्या रकमेशेजारी त्या पैजेची शक्यताही त्याच टायपात छापावी. राज्य लॉटरीच्या सोडतीत बक्षिसे किती हे आधी जाहीर केलेले असते. जिथे जिथे अशी पैज कायदेशीरपणे घेतली जाते, तिथे वाढत्या आकड्याच्या खालीच ‘इतक्या डावांत एक’ असे लिहिण्याची सक्ती असावी, अशी मागणी आपण अग्रलेखातून करावी. अकरावी-बारावीच्या शिक्षकांनीही संभाव्यता शिकवताना फाशांपाशी न थांबता हेच उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. त्यासाठी वरचा हिशेब कोणीही खुशाल वापरावा.

माझा विद्यार्थी त्यानंतर घरी येऊन गेला. आम्ही दोघांनी कागदावर हा सगळा हिशेब मांडला आणि सात वर्षे पाच महिने हे उत्तर त्याने स्वतः काढले. त्याने बहिणीला अजून सांगितलेले नाही, पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तो समुपदेशकाशी बोलला आहे, आणि येत्या रविवारी आम्ही दोघे मिळून त्याच्या घरी जाणार आहोत.

आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
सातारा