पदव्युत्तर विद्यार्थी महाविद्यालयाचे नाहीत का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरातील जुन्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांवरील कालच्या अंकातला लेख वाचला. परंपरेचे कौतुक योग्यच आहे. परंतु संपूर्ण लेखात एकाही पदव्युत्तर विद्यार्थ्याचे म्हणणे नाही, याचे वाईट वाटले. मी अशाच एका महाविद्यालयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण शेवटचे सत्र मला तेथेच पूर्ण करायचे आहे.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील उमरेडच्या एका मैत्रिणीने गॅदरिंगमधील एकपात्री स्पर्धेसाठी नाव दिले होते. तालमीच्या वेळी संबंधित प्राध्यापकांनी सर्वांसमक्ष तिचे नाव यादीतून खोडले आणि 'पीजीच्या मुलांनी आता अभ्यासाकडे बघावं, हे पदवीच्या मुलांसाठी आहे,' असे सांगितले. तिने शुल्काची पावती दाखवली. त्या पावतीवर स्नेहसंमेलन, जिमखाना आणि विद्यार्थी कल्याण या तिन्ही नावांनी आमच्याकडून पैसे घेतलेले आहेत. त्यांनी तिला कार्यालयात पाठवले, कार्यालयाने पुन्हा समितीकडे पाठवले आणि या फेऱ्यांत स्पर्धा होऊन गेली. पैसे घेताना आम्ही महाविद्यालयाचे आणि रंगमंचावर जाताना परके, हा कोणता न्याय आहे? रोज उमरेडहून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलीला शेजारच्या विभागातील चार जणांशी ओळख व्हावी असे वाटत असेल, तर त्यासाठी वर्षभरात दुसरा कोणता प्रसंग आहे, हेही कोणी सांगावे.

एरवी एकत्र बसायलाही जागा नाही. पदवीचे तास संपले की दुपारी त्याच खोल्यांत आमचे वर्ग भरतात आणि ते सुटेपर्यंत वाचनकक्षातील पंखे बंद करायला सुरुवात झालेली असते. २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात संशोधन पद्धती हा विषय आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आहे. संदर्भग्रंथ घरी न्यायचे नाहीत आणि वाचनकक्षात थांबायचेही नाही, तर प्रकल्प लिहायचा कुठे? एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपासही जातो. त्या उन्हात आमची चर्चा फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर नाही तर गणेशपेठ बसस्थानकाच्या बाकड्यावर होते, आणि मुलींना तिथे फार वेळ थांबता येत नाही. नागपूर विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. एवढ्या जुन्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी एक खोली, एक लांब टेबल आणि पिण्याचे थंड पाणी मिळू नये, याचा संताप येतो.

वसतिगृहाचेही तेच. पदवीच्या मुलींना प्रवेश देऊन उरल्या तर आम्हाला जागा, आणि त्या कधी उरत नाहीत. गोंदिया-भंडाऱ्याहून आलेल्या मुली धरमपेठेत महागड्या खोल्या घेऊन डब्यावर राहतात.

वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा ठेवण्यासाठी एका परिचराच्या पाळीची सोय करावी लागेल, इमारत बांधावी लागणार नाही. गॅदरिंगच्या नोंदणीची सूचना लवकरच फलकावर लागेल. त्यात पदव्युत्तर वर्गांचा स्पष्ट उल्लेख असावा, किंवा पावतीवरील ती रक्कम आम्हाला परत करावी, अशी प्राचार्यांना आपल्या वृत्तपत्रातून विनंती आहे.

— एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर