कॅराव्हॅनच्या बॅटरीपोटी कापलेली अनामत रक्कम परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे कार्यालय.

विषय : जाहिरातीतील चुकीचे आश्वासन आणि अनामत रकमेतून केलेली १४,५०० रुपयांची कपात.

महोदय,

सोलापूरहून विजापूर, बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे असा कौटुंबिक प्रवास करण्यासाठी मी एप्रिल महिन्यात आपल्याकडून चालकासह कॅराव्हॅन (आत झोपण्याची आणि शौचालयाची सोय असलेले वाहन) भाड्याने घेतली होती. माझ्या आईला गुडघेदुखीमुळे सारखी चढ-उतार जमत नाही. वाटेत तिच्यासाठी स्वच्छतागृह शोधत फिरावे लागू नये आणि उन्हाच्या वेळी तिला गारव्यात आडवे होता यावे, एवढ्याच हेतूने नेहमीच्या मोटारीऐवजी हे महागडे वाहन निवडले. भाड्याखेरीज २५,००० रुपये अनामत भरली. प्रवास संपल्यावर त्यातून बॅटरीच्या नुकसानीपोटी ११,००० आणि स्वच्छतेपोटी ३,५०० रुपये कापल्याचा ई-मेल आला. ही कपात मला मान्य नाही. तिची कारणे पुढे देत आहे.

आपल्या जाहिरातीत ‘वीजजोडणी नसली तरी रात्रभर वातानुकूलित झोप’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. आरक्षणापूर्वी मी याच मुद्द्यावर लेखी विचारणा केली होती आणि आपल्या प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर होकार दिला होता. प्रत्यक्षात वाहनातील आसनाखाली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर क्षमतेची एकच लेड-ॲसिड बॅटरी आहे आणि एसीवरील पट्टीवर १,२०० वॅट असा उल्लेख आहे. बॅटरीत साठणारी वीज कागदोपत्री १,८०० वॅट-अवर होते, म्हणजे १,८०० वॅटचे उपकरण एक तास चालेल इतकी. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, हा साधा नियम धरला तर हाती ९०० वॅट-अवर उरतात, म्हणजे एसीला जेमतेम पाऊण तास. कंप्रेसर मधूनमधून थांबतो हे गृहीत धरले तरी, दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या वाहनात तो फारसा थांबत नाही. सोलापुरात भारनियमन सोसलेल्या कोणत्याही घरात विचारले असते, तरी इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी चालत नाही, हे आपल्याला कळले असते. छतावरील २०० वॅटचे सौर पॅनेल ही तूट भरून काढील, असे आपण ई-मेलमध्ये म्हणता. चांगल्या उन्हाच्या दिवशी ते एकूण ८०० ते १,००० वॅट-अवर वीज देईल आणि रात्री काहीच देणार नाही.

विजापुरात एका लॉजच्या आवारात परवानगी घेऊन आम्ही मुक्कामाला थांबलो, तेव्हा तासाभरातच इन्व्हर्टर शिटी देऊन बंद पडला. केवळ गारवा गेला असता तर खिडक्या उघडून रात्र काढली असती. परंतु पाण्याचा पंपही त्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे नळ आणि शौचालयाचा फ्लश दोन्ही बंद झाले, आणि ज्या सोयीसाठी हे वाहन घेतले होते तीच मध्यरात्री नाहीशी झाली. चालकांनी इंजिन चालू ठेवण्याचा पर्याय सुचविला. त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही, गाडी त्यांनी अत्यंत सांभाळून चालविली; त्यांनाही याहून अधिक काही सांगितलेले नव्हते, असे दिसले. उभ्या वाहनाचे इंजिन रात्रभर चालू ठेवून आत माणसांनी झोपणे धुरामुळे धोक्याचे असते, म्हणून मी नकार दिला. बाहेरून वीज घ्यावी तर वाहनाच्या केबलला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग आणि आवारातील सॉकेट ६ अँपिअरचे. वाहन देताना जोडसाहित्य म्हणून काहीही दिलेले नव्हते. अखेर लॉजमध्ये दोन खोल्या घ्याव्या लागल्या, त्याचे बिल ३,८०० रुपये झाले.

आता बॅटरी ‘ग्राहकाने मर्यादेपलीकडे वापरल्यामुळे’ खराब झाली, असे आपले म्हणणे आहे. ही मर्यादा कोणती, हे सोलापुरातील सात रस्ता येथे वाहन ताब्यात देताना कोणी सांगितले नाही, करारात लिहिलेले नाही आणि वाहनातही कोठे चिकटविलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) ठराविक पातळीखाली जाताच भार तोडणारी व्यवस्था बसविणे आणि ती योग्य पातळीला लावणे हे वाहनमालकाचे काम आहे. ती पातळी इतकी खाली ठेवली असेल की बॅटरी संपेपर्यंत इन्व्हर्टर चालूच राहतो, तर त्याचा दोष एसीचे बटण दाबणाऱ्या प्रवाशाकडे कसा जातो? शिवाय सुस्थितीतील बॅटरी एका रात्रीच्या वापराने निकामी होत नाही. प्रवास सुरू होण्यापूर्वी मी वाहनाची छायाचित्रे काढली होती. त्यांत बॅटरीच्या टर्मिनलवर (तारा जोडण्याच्या टोकांवर) साचलेला पांढरा-हिरवट थर स्पष्ट दिसतो, म्हणजे तिच्या देखभालीकडे आधीपासूनच दुर्लक्ष झालेले होते.

स्वच्छतेपोटी केलेली कपातही तितकीच निराधार आहे. शौचालयाची काढता येणारी टाकी सुमारे २० लिटरची आहे. कुटुंब मोठे असेल तर ती लवकर भरते आणि गटारजोडणी असलेल्या शौचालयातच रिकामी करावी लागते. ती कोठे रिकामी करावी असे मी फोनवर विचारले असता ‘गावाबाहेर कुठेही करा’ असे उत्तर मिळाले. रस्त्याकडेच्या ओढ्यात मैला सोडण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून बदामीत एका हॉटेलच्या व्यवस्थापकांना विनंती करून त्यांच्या शौचालयात मी ती स्वतः ओतली आणि धुतली. दुर्गंधी रोखणारे रसायन आपण दिलेच नव्हते, तेव्हा ‘वास येत होता’ या शेऱ्यावर पैसे कापणे योग्य नाही. पाण्याच्या टाकीचा काटा अर्धी टाकी दाखवीत असताना नळ कोरडे पडले, हेही नोंदवून ठेवतो. त्यासाठी भरपाई मागत नाही, कारण काही दिवसांआड येणारे पाणी पुरवून वापरण्याची सवय सोलापूरकरांना आहेच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींबाबत ग्राहकाला दाद मागता येते. वाद केवळ पुण्यातच चालेल, असे कलम आपल्या करारात आहे. तथापि, याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे ते कलम माझ्या आड येऊ शकत नाही.

माझी मागणी अशी की, कापलेले १४,५०० रुपये आणि लॉजचे ३,८०० रुपये मिळून १८,३०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत, अनामत ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात जमा करावेत. तसेच रात्रभर एसीचे वाक्य जाहिरातीतून काढून त्या जागी बॅटरीची क्षमता, एसीचा वॅट, प्लगचा प्रकार, टाक्यांची मापे आणि वाहनाची उंची मराठीत छापावी आणि तोच कागद वाहन देताना ग्राहकाच्या सहीने द्यावा. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

करारपत्र, जाहिरातीची प्रत, व्हॉट्सॲप संदेश, छायाचित्रे आणि लॉजचे बिल सोबत जोडले आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत.

आपला,
(सही)
आरक्षण अर्जात नमूद केलेला ग्राहक,
सोलापूर.