पॉइंट्स व्हाउचरवर घालवू नका, आईवडिलांना झोपून अमेरिकेला जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमानाची तिकिटं महागल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, पण क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर लांबचा प्रवास कसा होतो याबद्दल कधी एक ओळही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. आज पुण्यात, नाशकात, ठाण्यात कुठल्याही सोसायटीत जा, दर मजल्यावर एक तरी घर असं आहे ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात आहे. आणि तिकडे कोणाचं बाळंतपण असलं की पासष्ट-सत्तरीचे आईबाबा गुडघ्याला पट्टा बांधून इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर बसून निघतात. मुंबई ते न्यूयॉर्क थेट गेलं तरी पंधरा-सोळा तास, मध्ये थांबा असला तर घरापासून घरापर्यंत पूर्ण दिवस मोडतो. उतरल्यावर पाय एवढे सुजलेले असतात की चपला पायात जात नाहीत. बिझनेस क्लासचा भाव बघितला की लाखांमध्ये असतो, म्हणून तो विषय घरात कोणी काढतच नाही.

पण त्याच घरातल्या माणसांच्या कार्डांवर पॉइंट्स पडून असतात आणि त्यांचं होतं काय, तर एअर फ्रायर येतो, शॉपिंगची व्हाउचर येतात, नाहीतर मुदत संपून ते उडून जातात. माझं सांगणं एवढंच की हे पॉइंट्स लांबच्या विमानप्रवासासाठी ठेवा, तेही वरच्या क्लाससाठी, कारण त्यांची सगळ्यात जास्त किंमत तिथेच मिळते. व्हाउचर घेतलं तर बऱ्याच कार्डांवर एका पॉइंटमागे चार-आठ आणे सुटतात, तोच पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये, म्हणजे त्या कंपनीच्या स्वतःच्या पॉइंट्समध्ये, बदलून बिझनेस क्लासला लावला तर रुपया, कधी त्याहून जास्त पडतो. हा फरक कार्ड विकणारा फोनवर कधी सांगत नाही.

आता लोकांचा पहिला गैरसमज. सिंगापूर एअरलाइन्सचे माइल्स घेतले म्हणजे सिंगापूरलाच जायला पाहिजे असं अजिबात नाही. ती कंपनी स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यात लुफ्तान्सा आहे, युनायटेड आहे, टर्किश आहे आणि जुलै 2014 पासून आपली एअर इंडियासुद्धा आहे, म्हणजे सिंगापूरच्या क्रिसफ्लायर खात्यातल्या माइल्सवर मुंबईहून इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे अमेरिकेला जाता येतं. तसंच फ्लाइंग ब्लू हे एअर फ्रान्स आणि केएलएमचं माइल्सचं खातं, त्यावर पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे जाता येतं, आणि ब्रिटिश एअरवेजचे माइल्स, म्हणजे एव्हिओस, आता कतार एअरवेजलाही चालतात म्हणजे दोहामार्गे. एक जागा, एकच विमान, पण वेगवेगळ्या कंपनीच्या माइल्समधून बघितलं तर भाव वेगळा येतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी बघावंच लागतं.

आणि हे तिकीट फुकट नसतं हेही कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. टॅक्स भरावाच लागतो, शिवाय काही कंपन्या सरचार्ज म्हणून माणशी हजारो रुपये लावतात, युरोपच्या काही कंपन्यांचा तर बिझनेसला इतका असतो की इकॉनॉमीचं तिकीट त्यात जवळपास निघावं. सिंगापूरने स्वतःच्या विमानांवर माइल्सने काढलेल्या तिकिटांचा हा सरचार्ज 2017 मध्ये काढून टाकला. त्यामुळे नुसते माइल्स किती लागतात ते बघून उपयोग नाही, बुकिंगच्या शेवटच्या पानावर रोख किती मागतायत तो आकडा बघायचा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आधी माइल्सवर मिळणारी सीट शोधा मग पॉइंट्स हलवा. बँकेतून विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स परत येत नाहीत, आणि काही कंपन्यांकडे ते पोचायलाही वेळ लागतो. सीटं साधारण अकरा महिने आधी उघडतात आणि दोघांना एकाच विमानात मिळणं हीच खरी कसरत असते. आमच्याकडे रात्री जेवणं उरकली की डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून हेच चालायचं, या तारखेला बिझनेसला एकच सीट, दुसऱ्या दिवशी दोन आहेत पण थांबा चौदा तासांचा, आणि शेजारी आई पंचांग घेऊन बसलेली की त्या दिवशी अमावास्या नको. शेवटी मधल्या वारी मंगळवार-बुधवारच्या तारखा धरल्यावर जमलं. शाळेच्या सुट्या आणि डिसेंबर सोडून बघितलं तर बरंच सोपं जातं.

नावाचंही तसंच. क्रिसफ्लायरसारख्या ठिकाणी दुसऱ्यासाठी तिकीट काढायचं तर ती व्यक्ती आधी नॉमिनी म्हणून टाकावी लागते, आणि अशी पाचच नावं टाकता येतात. आपल्याकडे बायकांच्या पासपोर्टवर नावापुढे नवऱ्याचं नावही लिहिलेलं असतं, तर पासपोर्टवर जसं आहे अक्षर न् अक्षर तसंच टाका, काउंटरवर म्हाताऱ्या माणसांची धावपळ नको.

मुलं अमेरिकेत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. माइल्सवरचं एकेरी तिकीट बहुतेक ठिकाणी परतीच्या निम्म्या माइल्समध्येच मिळतं, रोखीच्या तिकिटासारखं एकेरी महाग पडत नाही. म्हणजे जायचं तिकीट इथल्या मुलीने तिच्या कार्डाच्या पॉइंट्समधून काढायचं आणि यायचं तिथल्या मुलाने. तिकडे नवीन कार्डावर पहिल्या तीन महिन्यांत ठरावीक खर्च केला की जो बोनस मिळतो तो आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. आमच्या भावाने तसंच केलं आणि आईबाबा दोन्ही वेळा आडवे झोपून गेले-आले. आईने फोनवर पहिलं वाक्य काय सांगितलं, तर "अगं पाय सुजले नाहीत!"

पण पॉइंट्स मिळतात म्हणून खर्च वाढवू नका हे अगदी कळकळीने सांगते. पूर्ण बिल भरलं नाही तर कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे जातं, त्यापुढे कुठलाही पॉइंट टिकत नाही. आणि घरभाडं, पेट्रोल, वॉलेट यावर बऱ्याच कार्डांनी पॉइंट्स बंद केलेत नाहीतर कापलेत, ते बारीक अक्षरातलं वाचा. विमा, मुलांच्या फिया, दवाखाना असा जो खर्च करायचाच आहे तो तेवढा कार्डावर आणा.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. अशा तिकिटाचे पॉइंट्स जमायला नोकरदार घराला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तेवढ्यात बँक किंवा कंपनी नियम बदलते. सप्टेंबर 2023 मध्ये अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचं पॉइंट्स माइल्समध्ये बदलायचं प्रमाण पाचाला चारवरून पाचाला दोन झालं, म्हणजे लाख पॉइंट्सचे ऐंशी हजार माइल्स व्हायचे ते चाळीस हजार झाले. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली तेव्हा लोकांचे माइल्स तिच्याबरोबरच गेले. म्हणून मी सगळ्यांना सांगते की साठवत बसू नका, तिकिटापुरते झाले की काढून टाका. पण नुसतं ग्राहकानेच सावध राहायचं का? ठेवीचा व्याजदर उतरला तर तो नवीन एफडीला लागतो, जुनी एफडी कोणी अर्धी करत नाही, मग खर्च करून आधीच कमावलेले पॉइंट्स अर्धे करायला का चालतं?

कार्डाचे चार्जेस बदलायचे तर निदान महिनाभर आधी कळवा असं रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे. जमा झालेल्या पॉइंट्सची किंमत कमी करायची असेल तर किमान तीन महिने आधी कळवा आणि जुने पॉइंट्स जुन्याच दराने वापरायला सहा महिने द्या, एवढा नियम रिझर्व्ह बँकेने करावा अशी माझी मागणी आहे. अमेरिकेत सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने चार मोठ्या विमान कंपन्यांकडून याच पॉइंट्स योजनांची माहिती मागवली होती, मग आपल्याकडे निदान विचारायला काय हरकत आहे. दसरा-दिवाळीला तुमच्या पेपरात कार्डांच्या पानभर जाहिराती येतात, त्या बँकांना तुमच्या वार्ताहराने कमावलेले पॉइंट्स अर्धे करायला का चालतं हा एक प्रश्न लेखी विचारावा आणि जे उत्तर येईल ते जाहिरातीएवढ्याच मोठ्या अक्षरात छापावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे