मास्तर, तुमचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे

आदरणीय मास्तर,
सा. न.

फोंड्यातली तुमची माडीवरची खोली सोडून मला चार वर्षं झाली. भाडं चुकतं केलं, आभार तेवढे राहिले. समोर बोलले असते तर "पुरे गो बाय" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

योम किप्पूरची, आम्हा ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवसाची, ती दुपार आठवते? आमची जुनी मंडळी त्याला दारफळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत अन्नपाणी नाही. त्या दिवशी मी बाजारात जाऊन भाजीपाव खाल्ला. मुद्दाम. काही म्हणता काही झालं नाही, आणि परत आल्यावर जिन्यातच रडू कोसळलं. "कोण गेलं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "देव." तुम्ही आत गेलात आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलात, बस्स.

मी रेवदंड्याकडची, बेने इस्रायल म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांची पोर. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्याकडे बाई त्या मोजणीत नसतेच, त्यामुळे मी सोडून गेल्याने कुणाचा आकडा कमी पडला नाही. आई मात्र वर्षभर धड बोलली नाही.

"सुटलीस, आता आमच्यात ये" म्हणणारे पुष्कळ भेटले, सगळ्या धर्मांचे. तुम्ही रोज देवपूजा करणारे, संध्याकाळी ज्ञानेश्वरी घेऊन बसणारे. तुम्ही फक्त कपाटाची किल्ली दिलीत. डांबराच्या गोळ्यांचा वास, वर्तमानपत्राची कव्हरं आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर तुमचं वळणदार अक्षर.

सुरुवातीला मी वही घेऊन बसायचे. इथे विसंगती, तिथे बायकांवर अन्याय. मोठ्या तोऱ्यात ती वही तुम्हाला दाखवली. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "हें वाचन न्हय गो, पेपर तपासणी." राग आला होता. पण वही बंद केली.

मग कुराणातला यूसुफ वाचला. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. आमच्याकडे मालकाची बायको योसेफाचं वस्त्र धरते, तो ते तिच्या हातात टाकून पळतो आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं. इथे सदरा मागून फाटतो आणि घरातलाच एक साक्षीदार सांगतो, पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून असेल तर हा खरा. म्हणजे एकाच कापडाने एकीकडे तो अडकतो आणि दुसरीकडे सुटतो! रात्री साडेदहाला तुमचं दार वाजवून मी हे सांगितलं होतं. तुम्ही तितक्याच उत्साहाने नासदीय सूक्त काढलंत. सृष्टी कुठून आली हे वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. ऋग्वेदात असं काही असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. विश्वास नाही तो नाहीच. पण त्या ओळीशी माझं जमतं.

एकदा ज्ञानेश्वरी हातातून पडली. मी उचलली आणि ओठांना लावली. आमच्यात प्रार्थनेचं पुस्तक पडलं की असंच करतात. त्याच क्षणी तुमचा हात कपाळाकडे गेला होता. दोघेही ओशाळलो. नास्तिकाचा हात इतक्या लवकर ऐकत नाही.

आणि पणजीची ती बाग, गार्सिया द ओर्ताच्या नावाची. औषधी वनस्पतींवर १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापणारा हा वैद्य जन्माने ज्यू वंशाचा, कागदोपत्री ख्रिस्ती. १५६८ मध्ये वारला. लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. बाकावर शेंगदाणे सोलता सोलता तुम्ही म्हणालात, "तुला सोडूंक मेळटा. त्याला धरूंकय मेळलें ना." घरी परतताना बसमध्ये मी गप्प होते, ते त्यामुळे.

जाताना तुम्ही ख्रिस्तपुराण हातात ठेवलंत. इंग्लंडातून आलेला जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स मराठीत ओव्या लिहितो आणि त्या १६१६ मध्ये आपल्याच गोव्यातल्या राशोलला छापल्या जातात. पहिल्या भागात आमचाच जुना करार. मोशे ओवीत भेटला तेव्हा आजीचा आवाज आठवला. आईलाही फोनवर चार ओव्या वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "अजून वाच."

त्यामुळे पुस्तक एवढ्यात परत मिळणार नाही. चतुर्थीला येईन तेव्हा आणते. शंभराव्या पानावर चहाचा डाग पडलाय, तो माझा.

तुमची,
माडीवरची भाडेकरू