ब्लँकेटं घेण्याआधी

वास्को

चि. बाय हिस,
सप्रेम आशीर्वाद.

तुमच्या चर्चचा युवक गट नाताळात झोपडपट्टीत ब्लँकेटं वाटणार, हे वाचून आई खूश झाली. मी मात्र सवयीप्रमाणे शंका काढतो. त्या लोकांना ब्लँकेटंच हवीत का, हे कुणी जाऊन विचारलंय?

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नवाटप व्हायचं, तरी ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटायच्या. कुरकुर सुरू झाली. त्यावर प्रेषितांनी प्रीतीवर प्रवचन झोडलं नाही. मंडळीकडून सात माणसं निवडून घेतली आणि वाटपाचं काम त्यांच्यावर सोपवलं. स्तेफन, फिलिप्प... सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची कुरकुर होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप दिलं. मला हा भाग फार आवडतो. चमत्कार नाही, काही नाही, नुसती व्यवस्था.

आपल्या कपेलातल्या, म्हणजे वाड्यावरच्या छोट्या चर्चमधल्या, बायकांची वही तुला माहीत आहे. कोण म्हातारी एकटी आहे, कुणाचा तारवटी नवरा बोटीवर आहे, कुणाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यायचंय, सगळं त्यात. पण बांधकामावरच्या कन्नड कुटुंबांतलं एकही नाव त्यात नव्हतं. ती माणसं कोंकणी मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, येत नाहीत, मग दिसणार कशी? यंदा कन्नड येणाऱ्या एका शेजारणीला सोबत घेऊन बायका त्यांच्या खोल्यांवर गेल्या. जुने कपडे कुणालाच नको होते. एका बाईला गोमेकॉत, त्याच बांबोळीच्या इस्पितळात, केसपेपर काढायला सोबत हवी होती आणि तेवढा वेळ पोरांकडे बघायला कुणीतरी. आता आई आणि ती शेजारीण आळीपाळीने जातात. आई परत येते ती तिथल्या रांगेला शिव्या देतच, हेही सांगून ठेवतो.

सांकवाळला वाढलेल्या संत जोसेफ वाझना २०१५ साली संतपद मिळालं, तेव्हा आपल्याकडे केवढा जल्लोष झाला! पण १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना रानात टाकून जाऊ लागले, तेव्हा ते आणि त्यांचा एक नातलग काय करत होते? झोपड्या उभारत होते, रोग्यांना जेवू घालत होते, मेलेल्यांना पुरत होते. धर्म न विचारता.

तेव्हा आधी दोघी-तिघी जाऊन बसा, चहा घ्या, ऐका. तिथली भाषा येणारं कुणी गटात नसेल तर त्यांच्यातलंच एखादं माणूस गटात घ्या, आणि पैशाचा हिशेब त्याच्यासमोर ठेवा. फोटो काढायचाच असेल तर तुमचा काढा, घेणाऱ्याचा नको.

दोन हजार रुपये पाठवतोय. ब्लँकेटंच लागणार असली तर ब्लँकेटं घ्या, माझी हरकत नाही. जानेवारीत १६ तारखेला सांकवाळला संत जोसेफ वाझच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, मागाहून मिळत नाही.

तुझे,
पप्पा