खांब कोणत्या हातानं धरायचा?

बडोदा,
2 फेब्रुवारी 2025

चि. निनादास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, आता हुरूप राहिला नाही. खो-खोच्या चार जुन्या खेळाडूंना बोलतं केलं, चौघांनी तेच सांगितलं." तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, आणि तसंही मला फोनवर नीट बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

चारही रेकॉर्डिंग ऐकली. तुझं खरं आहे, कंटाळा येतो. प्रशिक्षकांचे आशीर्वाद, घरच्यांचा पाठिंबा, सगळी सत्काराची भाषणं. पण बाबा रे, तू विचारलंस काय? "जिंकलात तेव्हा काय वाटलं?" यावर माणूस "छान वाटलं" सोडून दुसरं काय सांगणार?

परवा तिळगूळ द्यायला दांडिया बाजारातल्या मावशींकडे गेले होते. त्याच मावशी, ज्या तुझ्यापुढे वीस मिनिटांत आटोपल्या. चहा होईपर्यंत सहज विचारलं, "मावशी, तुम्ही खांब कोणत्या हातानं धरायचात?" त्या उत्तर द्यायलाच तयार नाहीत. उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराची चौकट डाव्या हातानं पकडली आणि बहात्तराव्या वर्षी गर्रकन वळल्या! सून धावत आली. मग खाली बसून तळहात दाखवत म्हणाल्या, "आमच्या मैदानावरच्या खांबाला कुसं होती. पाठलागात वळताना हातात शिरायची. रात्री आई सुईनं काढायची, वडिलांना चोरून."

चोरून, कारण वडिलांना मुलीनं हाफ पँट घालून पळणं पसंत नव्हतं. महिनाभर बोलत नव्हते. एका संध्याकाळी ते शेजारच्या सुताराचा रंधा मागून घेऊन मैदानावर गेले. कचेरीतले कारकून, रंधा कधी धरलेला नाही. दोन्ही खांब त्यांनी वेडेवाकडे का होईना, गुळगुळीत केले आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवले. सामना मात्र आयुष्यात एकही पाहिला नाही. हे सांगताना मावशींच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "रंधा परत करताना पातं मोडलं होतं, चार आणे द्यावे लागले," म्हणून हसत होत्या.

आता सांग, हे तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये का नाही?

तुझे आजोबा 1947 सालची रणजीची फायनल सांगायचे. इथेच, आपल्या बडोद्यात, होळकरांच्या संघाविरुद्ध. हजारे 288, गुल महंमद 319, दोघांची भागी 577. आजोबा नसले तरी ते आकडे कुठे जाणार नाहीत, क्रिकेटमध्ये चेंडू न् चेंडू लिहून ठेवतात. आमच्या खो-खोत काय उरतं? पेपरच्या आतल्या पानावर "पळती 2 मि. 40 से., दोन गडी बाद" एवढी ओळ. तो पेपरही चिवड्याखाली जातो.

आणि हा खेळ काही बडोद्याला पाहुणा नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यानं 1914 साली नियम केले, तर 1924 साली आपल्याकडच्या जिमखान्यानं स्वतःचे छापले. खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार 1970 चा, सुधीर परब यांना. पुढच्या वर्षी अचला देवरे. दोघंही गुजरातचे, आणि आडनावं तूच बघ. गेल्या महिन्यात दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलांनी आणि मुलींनीही फायनलला नेपाळला हरवलं. मी टीव्हीपुढून हलले नाही. छान गादीसारखी मॅट, चकचकीत खांब. मला मात्र त्या खांबांकडे बघून मावशींचे वडील आठवत होते.

तेव्हा हुरूप येईल आणि मग करीन, असं म्हणू नकोस. शनिवारी एकाकडे जा. मोठे प्रश्न नकोत. बूट कोणाचे होते, गाडीत काय खाल्लं, गुडघा फुटला तर घरी काय थाप मारली, एवढंच विचार. कोणी नोकरीचं आश्वासन मिळून फसवलं गेल्याचं रडगाणं गाईल, तेही पूर्ण गाऊ दे, मध्ये विषय बदलू नकोस. मागच्या वेळी बदललास, मला ऐकू आलं. यादीतले काका मुलीकडे कॅनडाला गेलेत, एप्रिलशिवाय येत नाहीत. त्यांना शेवटी ठेव.

आता माझं. तू सगळ्यात आधी मलाच विचारलं होतंस आणि मी "माझं काय, विद्यापीठापुरतं" म्हणून टाळलं. विद्यापीठाच्या त्या फायनलमध्ये आम्ही एका गुणानं हरलो. पंचांनी खोटा फाउल दिला, असं मी तुला, तुझ्या बाबांना, सगळ्या जगाला पंचेचाळीस वर्षं सांगत आले. फाउल खरा होता. खो मिळायच्या आधीच मी उठले होते. पाठीवर हात पडला असं वाटलं, पण पडला नव्हता, आणि उठताक्षणीच मला ते कळलं होतं. शेजारच्या चौकोनात बसलेलीनं पाहिलं. ती आजवर कोणाला बोलली नाही.

होळीला येशील तेव्हा ते छोटं माइक घेऊन ये. पंख्याचा आवाज येतो म्हणाला होतास ना, पंखा बंद ठेवू.

तुझी,
आई